चार पिनांचे डाखकाम



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या व्यासपीठांवर इतिहास, धर्म, अर्थकारण, वाङ्मय असे भारदस्त विषय आपण ऐकत आलो आहोत. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच लहान आहे. अंगठ्याच्या दोन नखांएवढ्या एका काचेच्या पाटीला धातूच्या चार काड्या कशा जोडाव्यात आणि ते जोडणे कसे शिकावे, एवढाच तो विषय. निमंत्रणपत्रिकेवर तो वाचून 'हे व्याख्यान की कारखान्यातले काम?' असे पुष्कळांच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. विषय कारखान्यातलाच आहे. पण तो आता कारखान्याची भिंत ओलांडून आपल्या मोंढ्यात, दवाखान्यात आणि शेतातल्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचला आहे. तेव्हा त्याची ओळख करून घेणे हे नागरिकाचेही काम आहे, असे मला वाटते.

सोयाबीनच्या दिवसांत मोंढ्यात गेलात तर काय दिसते? शेतकऱ्याच्या पोत्यातून मूठभर दाणे एका लहान यंत्राच्या वाटीत ओततात. क्षणभराने यंत्राच्या खिडकीत आकडा उमटतो. तो आकडा ओलाव्याचा. आधारभूत किमतीने होणाऱ्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा होती. २०२४ च्या खरिपाच्या मालासाठी केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. कापसाच्या खरेदीत भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा प्रमाण धरते आणि १२ टक्क्यांपलीकडचा कापूस घेत नाही. म्हणजे चार महिन्यांच्या कष्टाचे मोल ठरताना त्या खिडकीतल्या दोन-तीन अंकांना केवढे वजन आहे पहा! आकडा उमटला की माणसे गप्प बसतात. पलीकडे वजनाच्या काट्याला तशीच खिडकी आहे. दवाखान्यात तापमापकाला आहे, रक्तदाबाच्या यंत्राला आहे.

जालन्याला तर हा विषय आणखी जवळचा. आपले शहर बियाण्यांची पेठ म्हणून देशभर ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्यात ओलावा म्हणजे बियाण्याचे आयुष्यच. ओलावा वाढला की साठवणीत उगवणशक्ती झपाट्याने घटते. तेव्हा ओलावा मोजणारे यंत्र, आणि त्या यंत्राचे बोलणे आपल्यापर्यंत आणणारी ती लहानशी खिडकी, ही या शहराला परकी वस्तू राहून चालणार नाही.

आता ती वस्तू पाहू. बाजारात तिला डिस्प्ले म्हणतात. निरनिराळ्या जातींपैकी मी जिच्याविषयी बोलणार आहे ती विद्यार्थी पहिल्याने हाताळतात ती. कर्णाच्या मापाने एक इंचाहूनही किंचित कमी. तिच्या काचेवर आडवे १२८ आणि उभे ६४, म्हणजे एकूण ८,१९२ ठिपके असतात. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. मागे दिवा लागत नाही. कोणते ठिपके पेटवावे आणि कोणते विझवावे यावरून अक्षरे, आकडे आणि चित्रे तयार होतात. एवढा सगळा कारभार चालतो तो मात्र चार वाटांनी. एका वाटेने वीज आत येते, दुसरीने परत जाते. तिसरीने ताल मिळतो आणि चौथीने निरोप येतो. ताल आणि निरोप अशा दोनच तारांवर यंत्रांनी आपसात बोलावे ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ साली काढली.

ही पाटी विकत घेतली की बहुधा तिच्या पुडीत चार पिनांची एक लहान पट्टी सुटी येते. पाटीला चार भोके असतात आणि भोकांभोवती धातूची कडी असते. दोन पिनांमधले अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. पिना सुट्या का देतात? कोणाला त्या समोरून हव्या असतात, कोणाला मागून. कोणाला पिना नकोच असतात, तारच जोडायची असते. म्हणून शेवटचा सांधा घेणाऱ्याने करायचा असतो. पिना भोकांत नुसत्या घालून ठेवल्या तर भागत नाही. धातू धातूला कधी टेकतो, कधी टेकत नाही. पाटी क्षणभर उजळते आणि धक्का लागला की अंधार होतो. पक्का सांधा हवाच.

या सांधण्याला सोल्डरिंग म्हणतात आणि बाजारात हाच शब्द रूढ आहे. पण आपल्या भाषेत त्याला जुना, घरचा शब्द आहे: डाख. गळक्या घागरीला, कंदिलाच्या टाकीला डाख लावून आणण्याचे दिवस आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. शब्द जुना आहे तशी विद्याही जुनी आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात शिसे दोन भाग आणि कथील एक भाग या मिश्रणाने नळ सांधत, असे लिहून ठेवले आहे. आजही हातकामाचा जो डाख सर्रास मिळतो तो कथील आणि शिसे यांचाच. फक्त प्रमाण बदलले आहे.

त्या प्रमाणात एक मौज आहे. निखळ कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि निखळ शिसे ३२७ अंशांना. दोन्ही एकत्र केली तर मिश्रण मधल्या कुठल्या तरी अंशाला वितळेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात कथील ६३ भाग आणि शिसे ३७ भाग घेतले तर ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. दोघांपैकी कोणाही एकाहून लवकर! शिवाय ते एकाच अंशाला पातळ होते आणि त्याच अंशाला घट्ट होते; मधली चिखलासारखी अवस्था त्याला नाही. सांध्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण, कारण घट्ट होताना सांधा हलला की तो आतून भेगाळतो. आपल्या औद्योगिक वसाहतीत सळ्या लाटण्यासाठी लोखंड हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवतात. त्या अग्नीच्या मानाने ही समईची वातच म्हणायची. पण सांधा जुळण्याचा नियम कडक आहे, आणि तो समजावून घेण्यासाठी मी आपल्याला कल्हईवाल्याकडे नेणार आहे.

कल्हईवाला गल्लीत येऊन बसला की आपण मुले भोवती गोळा होत असू. तो काय करीत असे? भात्याने कोळसे फुलवी आणि भांडे त्यावर धरी. भांडे चांगले तापले की त्यात नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी भांड्याला नुसती टेकवी, कथील पाघळे आणि कापसाच्या बोळ्याने तो ते सर्वत्र फिरवी. पितळेचे पिवळे पोट पाहता पाहता चांदीसारखे होई. त्या सबंध खटाटोपात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, तो कथील तापवीत नसे. भांडे तापवी आणि भांड्याच्या उष्णतेने कथील वितळे. दुसरी, कथलाच्या आधी नवसागर येई.

ही दुसरी गोष्ट आधी घेऊ. तांबे-पितळ दिसायला स्वच्छ असले तरी हवेने त्यावर गंजाची अतिशय पातळ कातडी चढलेली असते. कथील त्या कातडीला चिकटत नाही. नवसागर ती कातडी काढून टाकतो आणि खालचा उघडा धातू कथलाच्या भेटीला येतो. सोनार दागिना झाळताना टाकणखार वापरतो तोही याच कामी. इलेक्ट्रॉनिक कामात हे काम राळ करते. चीड वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर मागे उरते ती ही राळ. डाखाची जी तार मिळते ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते. तार वितळली की राळ आधी वाहते, धातू निर्मळ करते आणि मागून कथील येते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पत्र्याचे डबे डाखणारे कारागीर तेजाबात जस्त विरघळवून तो द्रव वापरतात. पत्र्याला ते ठीक. या नाजूक पाटीला मात्र ते विष आहे. मागे राहिलेला अंश तांब्याच्या बारीक रेघा पुढे कित्येक दिवस खात राहतो.

आणि आता पहिली गोष्ट, जी या व्याख्यानाचा गाभा आहे. नवशिका विद्यार्थी काय करतो? सोल्डरिंग आयर्न, म्हणजे विजेने तापणारी टोकदार सळई, हातात घेतो. तिच्या टोकावर डाखाची तार वितळवतो. टोकावर चकचकीत थेंब जमला की तो उचलून पिनेवर नेऊन ठेवतो, जणू लाखेचा थेंब लखोट्यावर टाकावा तसा. थेंब पिनेवर बसतोही. पण तो बसलेला असतो, जुळलेला नसतो. पिन गार, कडी गार. राळ तर वाटेतच जळून गेलेली. कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब राहावा तसा तो गोळा वर राहतो. अशा सांध्याला कारागीर थंड सांधा म्हणतात. तो आज चालतो, उद्या चालत नाही.

खरी रीत कल्हईवाल्याची. सळईचे टोक पिन आणि तिच्या भोवतीची कडी या दोहोंना एकाच वेळी टेकले पाहिजे. मनात एक-दोन मोजावे. तेवढ्यात दोन्ही तापतात. मग डाखाची तार सळईला न लावता, पलीकडच्या बाजूने पिन आणि कडी जेथे मिळतात तेथे लावावी. धातू पुरता तापलेला असेल तर तार आपोआप पाघळते आणि डाख पिनेभोवती वाहत जातो. पुरेसा झाला की आधी तार काढावी, मग सळई. आणि दोन श्वास होईतो हात लावू नये. सगळ्याला मिळून तीन-चार सेकंद. या वेळात तांबे आणि कथील यांच्यामध्ये दोघांच्या संयोगाचा एक थर तयार होतो. तांबे आणि कथील यांचेच आपले काशेही बनते. तेव्हा हा थर काशाच्या जातकुळीतला म्हणता येईल. तो केसाहूनही कितीतरी पातळ, पण सांध्याचे सगळे बळ त्यात असते.

हे झाले तत्त्व. प्रत्यक्ष कामाला बसल्यावर आणखी चार गोष्टी लागतात, त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पिना सरळ धरण्याची. आपल्याला हात दोन. एकात सळई, दुसऱ्यात तार. मग पाटी कोण धरणार? विद्यार्थी सुट्या तारांची मांडणी करण्यासाठी भोकाभोकांची एक प्लास्टिकची फळी वापरतात. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. पिनांच्या लांब बाजू तिच्या भोकांत खोचाव्यात, आखूड बाजू वर येऊ द्याव्यात आणि त्यांवर पाटी ठेवावी. पाटीची दुसरी कड खाली झुकते, म्हणून तिच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारावी. मग कडेची एकच पिन डाखावी आणि थांबावे. पाटी उचलून डोळ्यांसमोर आडवी धरावी. तिरपी दिसली तर तो एकच सांधा पुन्हा तापवून सरळ करता येतो. चारही पिना डाखल्यावर तिरपेपणा ध्यानात आला तर मग मोठाच घोळ होतो. गवंडी पहिली वीट ओळंब्याने पाहून घेतो त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट सळईच्या टोकाची. टोक काळे पडले की उष्णता पुढे जात नाही. ते ओल्या स्पंजावर किंवा पितळेच्या तारेच्या चोथ्यावर पुसावे आणि लगेच त्याला डाखाचा पातळ हात द्यावा. टोक सदैव रुपेरी राहिले पाहिजे. साधारण ३५० अंशांच्या आसपास ते तापलेले असावे. त्याहून फार तापवले तर राळ जळते आणि कडी पाटीपासून सुटून येते.

तिसरी गोष्ट पारखण्याची. चांगला सांधा वारुळासारखा असतो. खाली पसरट, वर निमुळता, आणि पिनेचे टोक त्यातून डोकावणारे. गोळ्यासारखा फुगलेला सांधा संशयास्पद समजावा. दोन शेजारच्या सांध्यांत डाखाचा पूल झाला असेल तर तो पुन्हा तापवून स्वच्छ टोकाने ओढून घ्यावा. मग मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासावी. शिवाय वीज जोडण्यापूर्वी पाटीवर पिनांची नावे वाचावीत. काही पाट्यांवर पहिली पिन विजेची तर दुसरी परतीची असते आणि काहींवर नेमके उलट. दिसायला पाट्या जुळ्या बहिणी. सवयीने जोडले तर पाटी कायमची जळते.

चौथी गोष्ट जिवाच्या काळजीची. शिसे शरीराला घातक आहे. डाखाची तार हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि ती तार दातात धरण्याची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडावी. राळेचा धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड धुरावर आणू नये. शिशाच्याच भयाने युरोपने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून शिसे हद्दपार केले. त्यासाठी जो बिनशिशाचा डाख आला तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो आणि त्याचा सांधा थोडा निस्तेज दिसतो. लहान मुलांना शिकवताना तोच वापरावा, मग हात बसायला थोडा वेळ अधिक लागला तरी चालेल.

येथवर ऐकल्यावर कोणी म्हणेल, हे सगळे खरे. पण याची गरज काय? कारखान्यात यंत्रे एका तासात हजारो सांधे करतात, मग आमच्या मुलांनी चार पिना डाखण्यात संध्याकाळ का घालवावी? या आक्षेपाला माझी तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर दुरुस्तीचे. वस्तू नवी बनते कारखान्यात, पण ती बिघडते आपल्या घरात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद पडला आणि ऐन पिकाच्या पाण्याच्या वेळी शेतकरी तालुक्याला खेटे घालू लागला तर बिघाड पुष्कळदा एका सुटलेल्या सांध्याचा किंवा तुटलेल्या तारेचा असतो. तो ओळखणारा आणि डाखणारा माणूस गावात असेल तर वस्तू वाचते, पैसा वाचतो आणि पाण्याची पाळीही वाचते. तसा माणूस नसेल तर सबंध पेटी कचऱ्यात जाते आणि नवी विकत येते.

दुसरे उत्तर समजुतीचे. मघाशी मोंढ्यातल्या आकड्याविषयी बोललो. ज्या तरुणाने स्वतःच्या हाताने पाटीला पिना डाखल्या, तिला तारा जोडल्या आणि तिच्यावर आकडा उमटवला, त्याला एक गोष्ट जन्मभर विसरता येणार नाही: खिडकी काही मोजत नाही, तिला सांगितले तेवढेच ती दाखवते. मोजतो तो आतला भाग. ओल्या दाण्यांतून वीज अधिक सहज जाते, अशा गुणधर्मावरून तो ओलाव्याचा अंदाज बांधतो. आणि कोणत्या पिकाला किती विजेचा किती ओलावा समजायचा हे माणसाने आधी ठरवून दिलेले असते. यंत्रावर पीक चुकीचे निवडले तर खिडकी तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा दाखवील. हे ज्याला कळले तो आकड्यापुढे मुकाट्याने मान तुकवीत नाही. तो विचारतो, यंत्र केव्हा पडताळले? पीक कोणते लावले? दुसरा नमुना घ्याल का? असे विचारणारा शेतकरी आणि असे उत्तर देणारा व्यापारी, दोघेही बाजाराला हवे आहेत.

येथे मर्यादाही स्पष्ट सांगतो. घरी बनवलेले यंत्र व्यापारात चालत नाही आणि चालूही नये. वजनमापांची पडताळणी आणि शिक्का हे २००९ च्या वैधमापन कायद्याखाली शासनाचे काम आहे. काट्याच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. सील तोडून आत हात घालण्याची विद्या मी सांगत नाही. आपल्या घरी, आपल्या धान्याच्या कणगीपाशी, शाळेच्या बाकावर जी समज येते ती बाजारात ताठ उभे राहायला उपयोगी पडते, एवढेच माझे म्हणणे.

तिसरे उत्तर प्रतिष्ठेचे. हे काम हलके आहे, असा समज आपल्यात खोल रुजला आहे. अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेने डाखकामासाठी स्वतंत्र मानक लिहून काढले. त्यात सांधा कसा दिसावा, किती डाख असावा याची नियमावली होती आणि प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या माणसानेच हे काम करावे अशी अट होती. यान अंतराळात गेल्यावर एक थंड सांधा दुरुस्त करायला कोणी वर जाऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडे काय झाले? डाख, कल्हई, झाळ या विद्या तांबटाच्या, सोनाराच्या, कल्हईवाल्याच्या घरी राहिल्या. पोथी आणि पाटी-पुस्तक दुसऱ्या घरी राहिले. ज्याच्या हातात उष्णतेची समज होती त्याला तिचे कारण कोणी सांगितले नाही. ज्याला कारण पाठ होते त्याने विस्तव हाताळला नाही. घराघरांत स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाला गल्लीतून दिसेनासा झाला. त्याची विद्या लिहून ठेवावी असे फार थोड्यांना वाटले. आज तीच विद्या परदेशी नाव घेऊन, पुडीत बंद होऊन आपल्या मुलांच्या टेबलावर आली आहे. ती परकी नाही हे मुलांना सांगायला हवे.

हाताची विद्या शब्दांत सांगता येते का? येते, आणि त्याचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्याचा आहे. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात त्यांनी अक्षर कसे वळवावे, ओळींमधले अंतर कसे सारखे राखावे, कडेला जागा कशी सोडावी, लेखण्या, शाई, सुऱ्या यांची तयारी कशी असावी, हे बारकाईने सांगितले. एवढ्या मोठ्या पुरुषाला लेखणी तासणे हा विषय हलका वाटला नाही. सोल्डरिंगची सळई लेखणीसारखीच धरतात. तेव्हा तिच्याविषयी बारकाईने बोलण्यात आपण परंपरा सोडतो असे मुळीच नाही.

मात्र नुसत्या शब्दांनी हात तयार होत नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि उद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. त्याच वाटेवरचा अलीकडचा प्रयोग म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ साली उभा केला. शाळेत ज्यांचे जमले नाही अशी मुलेही तेथे सुतारकाम, वीजकाम, शेती आणि यंत्रकाम करीत शिकली. आणि २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने त्या खेड्यात फॅब लॅब ही आधुनिक कार्यशाळा सुरू झाली. खेड्यातल्या मुलाला हे झेपेल का, या शंकेला पाबळने कृतीने उत्तर दिले आहे. २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. साहित्य अनुदानाने येते. हात धरून शिकवणारा माणूस मात्र गावाने शोधावा लागतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक माध्यमिक शाळेत खिडकीजवळ एक भक्कम टेबल असावे. त्यावर दोन सळया, राळेची तार, एक मल्टिमीटर आणि जुन्या बिघडलेल्या पाट्यांचा ढीग असावा. पहिला महिना मुलांनी नव्या वस्तूला हात न लावता त्या ढिगावरच हात बसवावा. पन्नास-शंभर सांधे झाल्यावर मग नव्या पाटीच्या चार पिना. शिकवायला मोबाइल दुरुस्त करणारा तरुण बोलवावा, जुना सोनार बोलवावा, आणि एखादा म्हातारा कल्हईवाला हयात असेल तर त्याला मानाने खुर्ची देऊन बसवावे. भांडे आधी का तापवायचे, हे त्याने एकदा मुलांसमोर करून दाखवावे. आणि शिक्षकाने तेथेच कथील, तांबे आणि राळ यांचे कारण फळ्यावर लिहावे. दोघे प्रथमच एका खोलीत आले तरी पुष्कळ झाले. मुलींना या टेबलाशी पहिली जागा द्यावी. रांगोळीची रेघ जिच्या हातून सरळ येते तिला हे काम जड जाणार नाही; अडचण येते ती तिच्या हातात सळई देण्याच्या आपल्या संकोचाची.

जालन्याला सोन्याचा पाळणा म्हणत आले आहेत. ते सोने व्यापाराचे होते, पिकांचे होते, पुढे बियाण्यांचे आणि पोलादाचे झाले. यापुढच्या काळात आपल्या मालाची किंमत, आपल्या पाण्याची पातळी, आपल्या तापाचा अंश त्या लहान खिडक्यांतून आपल्याला कळणार आहे. त्या खिडक्यांचे आपण केवळ गिऱ्हाईक राहावे की जाणकार व्हावे, हे आपल्या शाळांतल्या त्या एका टेबलावर बरेचसे अवलंबून आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. आपल्यापैकी जे शाळांच्या समित्यांवर आहेत त्यांनी तेवढे टेबल मांडून द्यावे, अशी विनंती करतो.